वेबसाइटच्या वार्षिक 'मेंटेनन्स'मध्ये नेमकं काय यायला हवं?

आगळ_सरबत

घरगुती उद्योगाची साइट आहे. वर्षभर कोकम आगळ, मसाले, कुळीथ पीठ, लोणची. मार्चअखेरपासून मेपर्यंत हापूसच्या पेट्या. वर्डप्रेस, त्यावर वूकॉमर्स (दुकानाची सोय), सीपॅनेलवालं (ब्राउझरमधून सर्व्हर हाताळायचं पॅनेल) शेअर्ड होस्टिंग, पेमेंटला रेझरपे. प्लगइन्स (वर्डप्रेसला जोडायच्या तयार सोयी) २७, त्यातल्या ११ जणांचं अपडेट थकलेलं. पीएचपी (साइटचा कोड ज्यावर चालतो ते) ७.४.

साइट बनवून देणाऱ्याचं कोटेशन आलंय: वर्षाला १८,००० अधिक जीएसटी. तपशिलात एकच ओळ, "वेबसाइट मेंटेनन्स अँड सपोर्ट".

तर जाणकारांनो, या एका ओळीत काय काय बसायला हवं? दुकान सांभाळून स्वतःला जमेल असं काय आणि कशाला अजिबात हात लावू नये? घरच्यांचं म्हणणं, "चाललीय ना साइट, मग कशाला छेडायची?" त्याचाही समाचार घ्या.

तिरपागडा

चाललंय तोवर छेडायचं नाही हा नियम सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीलाही असतो. मग एक दिवस नळातून कबुतराचं पीस येतं.

चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

रात्रपाळी

अपडेट-बिपडेट नंतर. आधी कागदपत्रं. डोमेन (साइटचं नाव) कुठल्या कंपनीकडे नोंदवलंय, तिथल्या खात्याचं लॉगिन कोणाकडे आहे आणि 'रजिस्ट्रंट' (डोमेनचा मालक) म्हणून कोणाचं नाव-ईमेल आहे, या तीन गोष्टी आज पाहा. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद, म्हणजे नूतनीकरणाची सूचना आणि पासवर्ड बदलायची लिंक दोन्ही बंद घरात पडतात.

डॉट कॉमची मुदत संपल्यावर साधारण असं होतं: रजिस्ट्रार (डोमेन नोंदवणारी कंपनी) जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देऊ शकतो (प्रत्येकजण इतके देतोच असं नाही), मग ३० दिवस 'रिडेम्प्शन', ज्यात नूतनीकरणाच्या रकमेवर घसघशीत दंड लागतो, मग ५ दिवस आणि नाव बाजारात मोकळं. साइट आणि मेल मात्र पहिल्या काही दिवसांतच बंद पडतात, ४५ दिवस थांबत नाहीत.

'ऑटो रिन्यू चालू आहे' यावर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मॅन्डेटचे नियम लागू झाले, तेव्हापासून परदेशी रजिस्ट्रारकडे ठेवलेल्या भारतीय कार्डावरून पैसे आपोआप कापले जातीलच याची खात्री नाही. डॉट कॉम एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येतं. निदान ३ वर्षांचे पैसे भरून टाका, विषय संपला.

सदाशिवपेठी_शंकेखोर

आणि डोमेन डेव्हलपरच्याच खात्यात असलं तर? बहुतेकांचं तिथेच असतं.

रात्रपाळी

दोन रस्ते. त्याच रजिस्ट्रारकडे आपलं नवं खातं उघडून डोमेन आतल्या आत 'पुश' करून घ्यायचं. हे काही मिनिटांत होतं आणि बहुतेक ठिकाणी फुकट असतं. किंवा ऑथ कोड (डोमेन हलवायचा पासवर्ड) घेऊन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर. त्यात डॉट कॉमला एक वर्षाचे पैसे लागतात, पण ते वर्ष मुदतीत जमा होतं. नोंदणी किंवा आधीचं ट्रान्सफर होऊन ६० दिवस झाले नसतील तर थांबावं लागतं.

हलवायच्या आधी डीएनएसच्या (साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत ते सांगणाऱ्या) सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. नेमसर्व्हर (या नोंदी पुरवणारे सर्व्हर) जुन्या रजिस्ट्रारचे असतील तर ट्रान्सफरनंतर ते उत्तर द्यायचं थांबवू शकतात. मग साइट दिसत नाही हे लगेच कळतं, पण मेल येत नाहीये हे आठवडाभर कोणाच्या लक्षात येत नाही.

हिशेबनीस

+१. या बाबतीत भीड ठेवू नये. डोमेन, होस्टिंग, रेझरपे, गूगल बिझनेस प्रोफाइल, चारही खाती उद्योगाच्या नावाने, बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक. डोमेन-होस्टिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो. बिल डेव्हलपरच्या नावाने फाटलं तर क्रेडिट त्याला, तुम्हाला नाही.

भिंगरी

पीएचपी ७.४ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं २८ नोव्हेंबर २०२२ ला संपलंय. पण म्हणून आज रात्री सीपॅनेलमध्ये जाऊन थेट ८.३ निवडू नका. क्रम महत्त्वाचा आहे.

१. पूर्ण बॅकअप.
२. साइटची स्टेजिंग (चाचणीसाठीची) प्रत. सीपॅनेलमध्ये सॉफ्टॅक्युलस किंवा वर्डप्रेस टूलकिट असतं, दोन्हींत 'क्लोन'चं बटण आहे.
३. प्रतीवर आधी प्लगइन्स, मग थीम, मग वर्डप्रेस अद्ययावत करा. वूकॉमर्स झाल्यावर 'डेटाबेस अपडेट करा' अशी पट्टी येते, ती दाबायची राहू नये.
४. त्यानंतरच प्रतीचं पीएचपी बदला.

उलटं केलं तर जुना कोड नव्या पीएचपीवर पडतो. ८.० मधून 'ईच' आणि 'क्रिएट फंक्शन' ही दोन जुनी फंक्शन्स काढून टाकली. रिकाम्या व्हेरिएबलवर 'काउंट' केलं तर ७.४ नुसती कुरकुर करायचं, ८ थेट मान टाकतं. चार-पाच वर्षं न हललेल्या थीममध्ये हे हमखास सापडतं.

ज्या होस्टिंगवर 'सिलेक्ट पीएचपी व्हर्जन' हा पर्याय आहे तिथे आवृत्ती बदलली की एक्स्टेन्शन्सच्या (पीएचपीच्या जोडसोयींच्या) खुणा पुन्हा तपासाव्या लागतात. इंटल, इमॅजिक, एमबीस्ट्रिंग, झिप. नवीन आवृत्तीला यातलं एखादं बंद असतं आणि दोष प्लगइनवर ढकलला जातो. काही बिघडलंच तर जुनी आवृत्ती निवडून सेव्ह करा, मिनिटभरात मागे येता.

८.३ ला २०२७ अखेरपर्यंत सुरक्षा दुरुस्त्या आहेत, ८.२ ला २०२६ अखेरपर्यंत. एवढे कष्ट घेताच आहात तर ८.२ वर थांबू नका.

रात्रपाळी

भिंगरीच्या यादीत एक भर. वूकॉमर्स > स्टेटस पानाच्या अगदी तळाशी 'टेम्प्लेट्स' असा भाग आहे. थीमने वूकॉमर्सची कुठली पानं स्वतःची करून ठेवलीत आणि त्यांतली कुठली जुनी झालीत हे तिथे दिसतं. अपडेटनंतर 'ऑर्डर द्या' बटण गायब झालं किंवा पिनकोडची चौकट दोनदा दिसली की पहिला संशय इथे.

आणि स्टेजिंग प्रतीवर तीन गोष्टी ताबडतोब: सर्च इंजिनांना मनाई, मेल पाठवणं बंद, रेझरपेच्या टेस्ट चाव्या. नाहीतर प्रत बसल्या बसल्या खऱ्या गिऱ्हाइकांना "आपली ऑर्डर रद्द झाली" असं कळवत सुटते.

भिंगरी

नंतरचं सोपं. सगळ्या प्लगइन्सना ऑटो अपडेट लावून टाका. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, यादीतच सोय आहे. सुरक्षेतलं भोक जाहीर झालं की काही तासांत बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) दार ठोठवायला लागतात. दुकानदार महिन्यातून एकदा लॉगिन करणार, तोवर बॉट थांबत नाहीत.

रात्रपाळी

सगळ्यांना? असहमत. फॉर्म, एसईओ (गूगलमध्ये वर दिसण्यासाठीचं), कॅशे (पानांची तयार प्रत ठेवणारं), बॅकअप यांना खुशाल लावा. वूकॉमर्स, पेमेंटचं प्लगइन आणि पेज बिल्डर हे तिघं हाताने. मंगळवारी-बुधवारी सकाळी, होस्टिंगचा सपोर्ट जागा असताना. शनिवारी रात्री नाही.

भिंगरी

वर्डप्रेस ६.६ मध्ये रोलबॅक आलंय की. ऑटो अपडेटनंतर साइट कोसळली तर प्लगइनची जुनी आवृत्ती आपोआप परत येते.

रात्रपाळी

येते, पण पीएचपीची फेटल एरर आली तरच. मुखपृष्ठ ठणठणीत आणि चेकआउटवर पैसे भरायचं बटण मेलेलं, हे त्याला दिसत नाही. आणि दुकानाचं नुकसान नेमकं तिथेच होतं.

भिंगरी

बरं, तडजोड. पेमेंट आणि वूकॉमर्स हाताने, पण बदलांच्या यादीत 'सिक्युरिटी' हा शब्द दिसला तर त्याच दिवशी, हंगाम असो वा नसो. मान्य?

रात्रपाळी

मान्य. तासाभरात एकमत, मंडळाच्या इतिहासात नोंद व्हावी.

तिरपागडा

हे असं गोडीगुलाबीने चाललं तर धागा शंभरी कशी गाठणार?

गोंयकार_पात्रांव

मग मी काडी टाकतो. मुळात वूकॉमर्स हवंच कशाला? २७ प्लगइन्स, पीएचपी, स्टेजिंग... आणि विकायचं काय, आगळ! व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग, यूपीआयचा क्यूआर, गूगलवर दुकानाचं प्रोफाइल. देखभाल शून्य.

सदाशिवपेठी_शंकेखोर

गूगल प्रोफाइलसोबत गूगल छोट्या दुकानांना फुकट साइटही देत असे. मार्च २०२४ मध्ये ती सोय त्यांनी बंद केली. ज्यांनी व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापला होता त्यांनी कार्डांचं काय केलं असेल?

रात्रपाळी

गोंयकारांचं अर्धं बरोबर आहे. ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच येत असतील, साइट फक्त दाखवायला असेल, तर स्वतःच्या डोमेनवर साध्या एचटीएमएलची चार पानं ठेवा. पीएचपी नाही, डेटाबेस नाही, लॉगिन नाही. अद्ययावत करायला काही उरतच नाही, फक्त डोमेन आणि एसएसएल (साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र) सांभाळायचं. हंगामात रात्री दीडला पेटी बुक करणारा पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक असेल तर मात्र कार्ट आणि पेमेंट हवं, आणि मग ही सगळी उस्तवार ओघाने आली.

आगळ_सरबत

हापूसच्या जवळपास सगळ्या ऑर्डरी साइटवरूनच येतात, त्यामुळे वूकॉमर्स राहणार. बॅकअपचं विचारायचं राहिलं. होस्टिंगवाला म्हणतो, "आम्ही रोज घेतो." पुरे का?

हिशेबनीस

पुरे नाही. खातं कुठल्याही कारणाने स्थगित झालं, अगदी बिल थकलं म्हणूनही, तर तो बॅकअप त्याच कुलपाआड अडकतो. स्वतःची प्रत बाहेर हवीच. अपड्राफ्टप्लससारख्या प्लगइनने गूगल ड्राइव्हवर पाठवा: डेटाबेस रोज, फाइल्स आठवड्याला. डेटाबेसच्या १४ प्रती, फाइल्सच्या ४.

हे बिनबोभाट बंद पडायची ठरलेली कारणं:

ड्राइव्हची फुकट १५ जीबी जागा जीमेल आणि फोटो यांच्यात वाटलेली असते. ती भरली की बॅकअप वर चढत नाही. प्लगइन तक्रारीचा मेल पाठवतं, पण तो कुठल्या पत्त्यावर जातो ते पाहिलेलं नसतं.

दुसरं, वर्डप्रेसचं घड्याळ साइटवर कोणी आलं तरच चालतं. पावसाळ्यात रात्री दोनला कोणी येत नाही, तर दोनचा बॅकअप दोनला होत नाही. सीपॅनेलच्या 'क्रॉन जॉब्स'मध्ये दर १५ मिनिटांनी खरा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून घ्या आणि कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेसचा आतला क्रॉन बंद करा. हे डेव्हलपरकडून करून घेण्यातलं काम आहे, दहा मिनिटांचं.

तिसरं, बॅकअपची जुनी प्रत होस्टिंगवरच साठत राहते आणि कोटा भरतो. कोटा भरल्यावर मेल येणंही थांबतं.

रात्रपाळी

आणि जो बॅकअप कधी परत उतरवून पाहिला नाही तो नसल्यात जमा. तीन महिन्यांतून एकदा स्टेजिंगवर रिस्टोअर करून पाहायचं. १८ हजारांत हे एक काम जरी प्रामाणिकपणे होणार असेल तरी मी अर्धे पैसे वसूल धरीन.

दुकानाच्या साइटला ब्लॉगसारखं सरसकट मागे नेता येत नाही, हे विशेष लक्षात ठेवा. समजा तीन दिवसांपूर्वीचा डेटाबेस उतरवला, तर तीन दिवसांतल्या ऑर्डरी गेल्या. पैसे रेझरपेच्या डॅशबोर्डवर दिसतात, पेटी कोणाला पाठवायची ते कुठेच दिसत नाही. बिघाड कोडमध्ये असेल (अपडेट फसलं, पान पांढरं झालं) तर फक्त फाइल्स मागे न्या, डेटाबेसला हात लावू नका. डेटाबेसच बिघडला असेल तर आधी ऑर्डरींची सीएसव्ही (तक्त्याची फाइल) काढून ठेवा.

चकली_ट्रबलशूटर

पान पांढरं झालं तर दुकानदाराला स्वतःला जमेल असा उपाय:

५.२ पासून वर्डप्रेस अशा वेळी 'रिकव्हरी मोड'ची लिंक मेलने पाठवतं. कोणाला? सेटिंग्ज > जनरलमधल्या ॲडमिन ईमेलला. तिथे आज कोणाचा पत्ता आहे ते बघा, दहापैकी आठ ठिकाणी डेव्हलपरचा असतो (आकडा माझा, हलके घ्या).

मेल नाही आला तर सीपॅनेल > फाइल मॅनेजर > डब्ल्यूपी-कंटेंट. तिथल्या 'प्लगइन्स' फोल्डरच्या नावापुढे काहीतरी जोडा, समजा '१'. आता ॲडमिन उघडतं का पाहा, उघडल्यावर प्लगइन्सच्या पानावर एकदा जा. सगळी प्लगइन्स बंद झाल्याचं तिथे दिसतं. फोल्डरचं नाव पूर्ववत करा आणि एकेक सुरू करत जा. ज्याने साइट पडली तो गुन्हेगार. प्लगइन बंद केल्याने ऑर्डरी किंवा उत्पादनं पुसली जात नाहीत, 'डिलीट' मात्र दाबायचं नाही.

साइटवर "देखभालीसाठी थोडा वेळ बंद" अशा अर्थाची इंग्रजी ओळ अडकून बसली असेल तर अपडेट अर्धवट तुटलंय. साइटच्या मुळाशी, नावाआधी टिंब असलेली 'मेंटेनन्स' नावाची फाइल असते, ती उडवा. फाइल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये 'लपलेल्या फाइल्स दाखवा' चालू केल्याशिवाय दिसणार नाही. तसं १० मिनिटांनी वर्डप्रेस स्वतःच त्या फाइलकडे दुर्लक्ष करतं, पण अर्धवट राहिलेलं प्लगइन पुन्हा अपडेट करावंच लागतं.

सदाशिवपेठी_शंकेखोर

फाइल मॅनेजरमध्ये दुकानदाराने शिरायचं? दुपारी एक ते चार शिरू नये एवढीच विनंती.

माईंची_पोळपाट

फॉर्मचे मेल येत नाहीत याबद्दल कोणी बोलत का नाही? घाऊक खरेदीदारांची चौकशी फॉर्मवर येते आणि तीच स्पॅममध्ये जाते.

रात्रपाळी

बरोबर पकडलंत माई. कारण बहुतेक वेळा एकच. फॉर्म 'फ्रॉम'मध्ये भरणाऱ्याचाच जीमेल पत्ता टाकतो, पण मेल निघतो तुमच्या सर्व्हरवरून. घेणाऱ्याला तो बनावट वाटतो. 'फ्रॉम' आपल्या डोमेनचा ठेवा, गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये. आणि सर्व्हरच्या साध्या मेल फंक्शनऐवजी एसएमटीपी प्लगइन लावून खऱ्या मेल खात्यातून पाठवा.

मग डीएनएस. एसपीएफची (तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची) नोंद एकच असावी. होस्टिंगची एक, मेलवाल्याची दुसरी अशा दोन केल्या तर दोन्ही बाद. एकाच ओळीत दोघांना बसवा, आणि आतल्या डीएनएस विचारणा १० च्या वर जाता कामा नयेत. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) चावी मेलवाल्याच्या पॅनेलमधून घेऊन चिकटवायची. डीमार्क (या तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सुरुवातीला 'नन', म्हणजे काहीच न करण्याच्या, धोरणाने. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं. दिवसाला ५,००० च्या घरात मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात.

तपासणी दोन मिनिटांची: स्वतःच्या जीमेलवर चाचणी ऑर्डरचा मेल मागवा, तीन टिंबं, 'शो ओरिजिनल'. तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

माईंची_पोळपाट

आभारी आहे. दोन एसपीएफ निघाल्या.

तिरपागडा

रच्याकने (बाय द वे), ते "युअर डोमेन इज एक्सपायरिंग, पे नाऊ" छाप लाल अक्षरांतले मेल?

हिशेबनीस

त्यातले बरेच डोमेनचे नसतातच. खाली बारीक अक्षरांत 'सर्च इंजिन सबमिशन'च्या सेवेचं बिल असतं. मेलमधली लिंक उघडायचीच नाही, रजिस्ट्रारच्या साइटवर स्वतः जाऊन तारीख पाहायची. "चीनमध्ये तुमचं नाव कोणीतरी नोंदवतंय, तुम्हाला हवंय का" हाही त्याच कुळातला.

चकली_ट्रबलशूटर

कोटेशनमध्ये 'एसएसएल नूतनीकरण' म्हणून वेगळे पैसे लावले असतील तर काट मारा. सीपॅनेलचं ऑटोएसएसएल किंवा लेट्स एन्क्रिप्ट फुकट आणि आपोआप होतं. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि मुदत संपत आल्याचे इशारा-मेल पाठवणं त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केलं, त्यामुळे आपली पाळत आपणच ठेवायची.

वर्षभराचं विकत घेऊन हाताने बसवायचे दिवस तसेही संपले. प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस.

आपोआप होणारं अडतं कुठे? डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची डीएनएस नोंद जुन्या होस्टिंगकडे बोट दाखवत असते, किंवा सुरक्षा प्लगइन तपासणीची फाइल अडवतं.

गोंयकार_पात्रांव

पात्रांव, पेमेंटबद्दल बोला. गिऱ्हाईक म्हणतो पैसे कापले, साइट म्हणते ऑर्डर रद्द. हे भांडण रोजचं.

रात्रपाळी

ते वेबहूक. पैसे आले हा निरोप रेझरपे साइटला वेगळा पाठवतं, कारण यूपीआय ॲपमधून गिऱ्हाईक परत ब्राउझरकडे येईलच असं नसतं. तो निरोप सुरक्षा प्लगइनने अडवला, किंवा वेबहूकचं 'सीक्रेट' दोन्हीकडे वेगळं असलं, की ऑर्डर 'पेंडिंग' राहते. वूकॉमर्समध्ये 'होल्ड स्टॉक' मूळचा ६० मिनिटांचा असतो. तासाभरात ती पैसे भरलेली ऑर्डर आपोआप रद्द. निरोप सतत २४ तास नापास होत राहिला तर रेझरपे वेबहूकच बंद करतं.

म्हणून दर सोमवारी रेझरपेची 'कॅप्चर्ड' यादी आणि वूकॉमर्सची 'प्रोसेसिंग' यादी समोरासमोर ठेवा. हे काम दुकानदाराचंच, डेव्हलपरचं नाही. त्याला तुमचा गल्ला दिसायचं कारण नाही.

कॅशे प्लगइन असेल तर कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' ही तीन पानं त्यातून वगळलेली आहेत ना, तेही पाहा. मराठी नावांचे पत्ते करून ठेवले असतील तर प्लगइन ती पानं ओळखत नाही, हाताने वगळावी लागतात.

हिशेबनीस

कायद्याची बाजू राहिली, तीही देखभालच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा १२ टक्क्यांचा टप्पा गेला. लोणची १२ वरून ५ वर आली. वूकॉमर्समध्ये दर आपोआप बदलत नाहीत. टॅक्सच्या तक्त्यात जा, आणि प्रत्येक उत्पादन कुठल्या 'टॅक्स क्लास'मध्ये आहे ते तपासा. किमती 'करासहित' भरल्या असतील तर गिऱ्हाइकाला दिसणारी रक्कम तीच राहते आणि आतली मूळ किंमत वाढते, म्हणजे कपातीचा फायदा गिऱ्हाइकाला गेलाच नाही.

ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम: उद्योगाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. उत्पादनाच्या पानावर एमआरपी आणि निव्वळ वजन. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक तळपट्टीत टाका आणि परवान्यात काही बदल झाला की तिथली माहितीही ताडून पाहा.

भिंगरी

हंगामी मालवाल्यांसाठी: जूनमध्ये हापूसचं पान डिलीट करू नका. 'आउट ऑफ स्टॉक' करा आणि "पुढचा हंगाम मार्चअखेर" असं लिहा. दरवर्षी नवं पान केलं तर पानाने गूगलवर वर्षभर कमावलेली ओळख दरवर्षी शून्यावर येते. पान एकच, पत्त्यात साल नको.

फोटो फोनमधून थेट चढवू नका. ५ एमबीचा एक फोटो चढवला की वर्डप्रेस आणि वूकॉमर्स मिळून त्याच्या दहाएक प्रती करतात. शेअर्ड होस्टिंगवर फाइलींच्या संख्येलाही मर्यादा असते. आधी १६०० पिक्सेल रुंद करा, वेबपीमध्ये (फोटोचा हलका प्रकार) १५०-२०० केबी, मग चढवा.

तिरपागडा

आणि दिवाळीत 'गुढीपाडवा महाबचत'ची पट्टी उतरवा. हे कुठल्याही प्लगइनशिवाय जमतं.

चकली_ट्रबलशूटर

महिन्यातून एकदा गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट', कोलन आणि लगेच आपलं डोमेन असं शोधा. आगळ-मसाल्याऐवजी जपानी अक्षरांत हँडबॅगा दिसल्या तर साइट फुटलीय. तुम्ही उघडलीत तर नेहमीसारखीच दिसेल, कारण ती पानं फक्त गूगलच्या बॉटला दाखवतात. मग युझर्समध्ये अनोळखी ॲडमिन, अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाइल आणि सर्च कन्सोलमध्ये (गूगलची साइटमालकांसाठीची सोय) अनोळखी मालक, या तीन जागा आधी. मूळ बहुधा फुकटात उतरवलेल्या 'नल्ड' (परवाना तोडलेल्या) थीममध्ये नाहीतर न वापरता पडून असलेल्या प्लगइनमध्ये सापडतं. २७ पैकी किती खरोखर लागतात ते मोजाच. बंद ठेवणं पुरेसं नाही, फाइल सर्व्हरवर असेपर्यंत भोक आहे.

आगळ_सरबत

सगळ्यांचे आभार, वही भरली. मूळ प्रश्नावर येते. १८ हजार योग्य की जास्त?

रात्रपाळी

महिन्याला दीड हजार झाले. नुसतं लॉगिन करून 'अपडेट ऑल' दाबणार असेल तर महाग. त्या एका ओळीऐवजी हे लिहून मागा, आगळतै: महिन्यातून एकदा स्टेजिंगवर अपडेट करून मग मूळ साइटवर, प्रत्येक अपडेटनंतर एक चाचणी ऑर्डर, तिमाही रिस्टोअरचा स्क्रीनशॉट, वर्षातून एकदा पीएचपीची तपासणी, साइट बंद पडल्यास किती तासांत हात लावणार, आणि एप्रिल-मेमध्ये तोच आकडा किती, मजकूर-फोटो बदलाचे महिन्याला किती तास धरलेत. साइट फुटली तर साफसफाई यातच की वेगळी, हे आधी ठरवा, भांडण तिथेच होतं.

हिशेबनीस

सशुल्क प्लगइन्सचे परवाने कोणाच्या नावावर तेही. डेव्हलपरच्या घाऊक परवान्यावर असतील तर करार संपला त्या दिवशी अपडेट बंद. आणि करार सोडताना काय काय हाती द्यायचं त्याची यादी कराराच्याच कागदावर.

स्वतःकडे ठेवायचं: डोमेन, बिलं, सोमवारचा ताळमेळ, किमती, फोटो, जीएसटी. डेव्हलपरला ॲडमिनचं वेगळं खातं द्या, टू-फॅक्टरसकट. तुमचा पासवर्ड नाही.

आगळ_सरबत

तसंच मागते. आता शेवटचं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा चालू आहे, बुकिंग मार्चच्या मध्यावर उघडतं. पीएचपी आत्ता बदलून घेऊ की जूनमध्ये?

भिंगरी

आत्ता. स्टेजिंग या आठवड्यात, मूळ साइट पुढच्या मंगळवारी. म्हणजे बुकिंगआधी निदान तीन आठवडे आगळ-मसाल्याच्या ऑर्डरी नव्या पीएचपीवरून जातील आणि काय तुटलंय ते स्वस्तात कळेल.

रात्रपाळी

फेब्रुवारीअखेरपर्यंत स्टेजिंगच सरळ झालं नाही तर मात्र जून. मार्चमध्ये ७.४ ठेवून फक्त प्लगइन्स ताजी करा, न लागणारी काढा. चाचणी ऑर्डर यूपीआयने एक, कार्डाने एक, आणि फोनवरून करा, लॅपटॉपवरून नाही.

गोंयकार_पात्रांव

चाचणीची पेटी कोणाच्या पत्त्यावर पाठवायची ते मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

आगळ_सरबत

चाचणी ऑर्डरला एक रुपयाचं उत्पादन केलंय, पात्रांव. त्यात देठ येईल.